सहा माणसांची लिफ्ट

१

पक्कड हे काही त्याचं नाव नव्हे. पण शाळेत असल्यापासून त्याच्या मागच्या खिशात पक्कड असायची. कुणाचा पंखा, कुणाचा रेडिओ, कुणाच्या दाराची कडी, हाक आली की हा हजर. ते टोपणनाव अंगाला असं चिकटलं की पन्नाशी उलटल्यावर खरं नाव कुणी विचारलं, तर त्यालाच क्षणभर आठवावं लागे.

अकरा मजल्यांच्या त्या नव्या इमारतीत लिफ्टची देखभाल त्याच्याकडे होती. एक मोठी लिफ्ट आणि एक छोटी, सहा माणसांची, चारशे आठ किलोची. राहायला तळघरात एक खोली, एका माणसापुरती. साडेनऊपर्यंत नोकरदार मंडळी बाहेर पडत, इमारत गप्प होई, आणि बरोबर दहा वाजता तो छोट्या लिफ्टमध्ये शिरून खालपासून वरपर्यंत एक फेरी मारी, डोळे मिटून. लिफ्ट कानानं बघायची असते असं त्याचं म्हणणं. दोर कुरकुरतोय का, दार घासतंय का, चाकाला तेल हवंय का, हे सगळं आवाजात असतं.

त्या मंगळवारी आवाज ठीक होता. त्यानं तपासणीचं छोटं यंत्र जोडून सहज वजन पाहिलं. पंच्याण्णव.

तो स्वतः चौसष्ट किलोचा. हत्यारांची पिशवी तर बाहेरच ठेवलेली.

तो बाहेर आला, हात आत घालून यंत्र पाहिलं. रिकामी केबिन. एकतीस किलो.

"मेला काटा बिघडला," तो स्वतःशीच म्हणाला.

२

काटा बिघडण्याची कारणं शंभर. खालचं रबर फुगतं, केर अडकतो, हवेत ओल असली की तारा वेडेपणा करतात. खाली उतरून त्यानं सगळं पुसलं, झटकलं, पाहिलं. काही नव्हतं. मग अशा वेळी मेकॅनिक जे करतो तेच त्यानं केलं. यंत्र तळमजल्यावर दाराशेजारच्या पेटीला जोडलं, रिकामी लिफ्ट वर सोडली आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये असतानाच यंत्रावरचं शून्याचं बटण दाबलं. ते बटण म्हणजे लिफ्टला सांगणं, की बाई, आत जे काही आहे ते नाही असंच समज. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. वहीत वेळ लिहायची त्याला सवय.

आकडा शून्य झाला. समाधानानं त्यानं हात पुसले. वायर काढायला वाकला तेवढ्यात आकडा हलला.

उणे एकतीस.

रिकामी केबिन आता रिकामीपेक्षा हलकी होती. दारं बंद. लिफ्ट मजल्यावर नव्हतीच, कुठं थांबलीही नव्हती. त्यातून कुणी उतरायचं म्हटलं तरी उतरणार कुठं?

त्यानं पुन्हा शून्य केलं आणि वहीत लिहिलं, 'काटा ठीक केला.'

३

पुढचे पंधरा दिवस बरे गेले. मग तक्रारी सुरू झाल्या.

त्या भागाचं रूप पाच-सहा वर्षांत पार पालटलं होतं. जिथं कपडे धुवायचं दुकान होतं तिथं आता कॉफी मिळे, आणि दुकानाची जुनी पाटी मात्र तशीच ठेवलेली, कारण नव्या लोकांना ती फार गोड वाटे. या इमारतीच्या जागी पूर्वी चार मजली जुनी इमारत होती. तिच्या सज्जाचा एक लोखंडी कठडा नव्यांनी प्रवेशदालनाच्या भिंतीवर टांगला होता, मागून दिवा सोडून. येता-जाता लोक त्याच्यापुढं उभे राहून फोटो काढत. त्याच कठड्यावर पक्कडच्या आत्याची गोधडी वाळत असे. पण तो त्या बाजूला बघायचं टाळे.

नवे लोक वाईट होते असं नाही. सातव्या मजल्यावर एक चित्रं काढणारी मुलगी राहायची. ती त्याला काका म्हणे, नीट बोले. पहिल्यांदा तिनंच सांगितलं.

"काका, चार जण चढलो की लिफ्ट ओरडते. सहा माणसांची ना ती?"

"किती वाजता?"

"सकाळीच. दहा-सव्वादहा. नंतर नाही." ती जरा घुटमळली. "आणि हसू नका हं. आम्ही सगळे कडेकडेनं उभे राहतो. मधली जागा तशीच सोडून. काल माझ्या लक्षात आलं, लिफ्ट रिकामी होती आणि मी आत जाताना 'जरा सरकता का' असं म्हणाले."

तो हसला. हसणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना तो यंत्र जोडून तळमजल्यावर लिफ्टसमोर उभा राहिला. दार उघडं होतं. आकडा शून्य. समोरच्या दालनात चिटपाखरू नव्हतं. मग केबिनची फरशी अगदी किंचित खाली गेली. आकडा बावीसवर गेला. पुन्हा फरशी दबली. एक्कावन्न, म्हणजे एकोणतीसची भर. पुढं आणखी तीस आणि चोवीस जवळजवळ एकदमच आले. मग थोडी वाट पाहायला लागली, जणू कुणीतरी गुडघ्यावर हात टेकत सावकाश येत होतं. आणखी सव्वीस.

एकूण एकशे एकतीस.

दार आपसूक बंद झालं. कुणीही बटण दाबलेलं नसताना लिफ्ट वर निघाली. तिसरा मजला ओलांडून ती थांबली. चौथा आलाच नव्हता. चार सेकंद तशीच, दोन मजल्यांच्या मध्ये. मग चौथ्यावर जाऊन दार उघडलं, मिटलं. वजन तसूभर कमी झालं नाही. लिफ्ट खाली आली आणि परत वर निघाली. अकरा वाजेपर्यंत तिनं एकोणीस फेऱ्या मारल्या, आणि प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी ती चार सेकंद थांबली.

अकराला आकडा एकदम शून्य झाला. बेरीज-वजाबाकी नाही, एका क्षणात.

त्यानं फीत लावून ती थांबायची जागा मोजली. तळापासून अकरा मीटर बावन्न. त्याला हिशेब करायची गरजच नव्हती. जुन्या इमारतीला चौथ्या मजल्यापर्यंत बहात्तर पायऱ्या होत्या. एकेक सोळा सेंटीमीटरची. लहानपणी पाण्याच्या कळश्या घेऊन त्यानंच त्या हजारदा मोजल्या होत्या.

४

जुन्या इमारतीतली बहुतेक मंडळी पाडकाम निघाल्यावर मुलांकडे, भावाकडे, जमेल तिथं गेली. राहिले ते चौथ्या मजल्यावरचे सहा जण, ज्यांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. शिंपीकाका. शाळेच्या बाई. पोस्टातले आजोबा. एक नवरा-बायको, ज्यांनी कुठल्याशा भांडणानंतर वीस वर्षं एकमेकांशी तोंडानं बोलणं टाकलं होतं आणि तरी एकाच ताटलीत जेवत. आणि आत्या. पक्कडला आई आठवत नव्हती. आठवायची ती आत्याच.

सही करायला ते सहाही तयार नव्हते. बिल्डरची माणसं तीनदा येऊन हात हलवत गेली. शेवटी आत्या म्हणाली, "आपला पक्कड वाचून सांगेल तसं करू. त्याला कळतं कागदातलं."

मग एका दुपारी जिन्यात सगळे पायऱ्यांवर बसले आणि त्यानं कागद वाचून दाखवला. एक वाक्य असं होतं: मूळ रहिवाशांना नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जागा देण्यात येईल, उपलब्धतेनुसार.

शेवटचा शब्द त्यानं वाचला नाही.

कुणी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. नव्या इमारतीतल्या नोकरीचा विषय निघाला होता हे खरं, पण अट कुणी घातली नव्हती. त्याचं बोट त्या शब्दापाशी आलं, थांबलं, आणि पुढच्या ओळीवर गेलं. एवढंच झालं.

"आणि लिफ्ट?" आत्यानं गुडघा चोळत विचारलं होतं.

"लिफ्ट मी स्वतः बसवणार. पायरी म्हणून चढायची नाही तुम्ही."

सगळे हसले. शिंपीकाकांनी पहिली सही केली.

त्या सहांना शहराबाहेरच्या वसाहतीत तात्पुरत्या खोल्या मिळाल्या, बसनं दीड तासावर. सहा महिने म्हणता तीन वर्षं झाली. नव्या इमारतीचा चौथा मजला कुणाकुणाला विकून झाला. सुरुवातीला तो दर रविवारी जायचा. मग महिन्यातून एकदा. बायका-पोरं नव्हती, कामाचाही ताण नव्हता. न जायला कारण असं काही नव्हतं. पण आत्या दारात उभी राहून 'कधी रे?' असं विचारणार, या नुसत्या कल्पनेनं त्याची बस चुके. गेल्या चौदा महिन्यांत तो एकदाही गेला नव्हता.

लिफ्ट मोजली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तो बसमध्ये बसला.

५

आत्याच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाच खुर्च्या खेटून ठेवलेल्या, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. पाचही जण त्यांवर खांद्याला खांदा लावून बसले होते. डोळे मिटलेले. पोस्टातल्या आजोबांनी एक हात वर धरला होता, दांडा पकडल्यासारखा, पण हाताशी दांडा नव्हता.

"आत्या," त्यानं हाक मारली.

कुणी हललं नाही. मग एकदम पाचही जणांचे गुडघे जरा वाकले आणि पुन्हा सरळ झाले. लिफ्ट सुटताना माणसाचे होतात तसे.

"अकरापर्यंत उठायचे नाहीत." मागून आवाज आला. वसाहतीतल्या दवाखान्याच्या नर्सबाई दारात उभ्या होत्या. "तुम्ही कोण?"

"भाचा."

"अस्सं. म्हणजे लिफ्टवाले तुम्ही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "रोज पावणेदहाला बसतात. विचारलं तर म्हणतात, वर जाऊन येतो. आधी शिंपीकाकांना जमलं म्हणे, त्यांनी बाकीच्यांना शिकवलं. आम्ही म्हटलं, म्हातारी माणसं आहेत, देवाचं नाव घेत असतील. पण वजनं बघा ना."

त्यांनी पिशवीतून कागद काढला. सहा महिन्यांपूर्वीचं वजन आणि आत्ताचं, समोरासमोर. खाणंपिणं व्यवस्थित, तपासण्या व्यवस्थित, डॉक्टरांनी हात टेकलेले. शाळेच्या बाई बावीस किलोंनी उतरल्या होत्या. आजोबा एकोणतीस. नवरा तीस, बायको चोवीस. आत्या अठ्ठावन्नची बत्तीस झाली होती. सव्वीस.

कागद हातात धरून तो उभा राहिला. जे आकडे त्यानं कालच वहीत लिहिले होते, ते दीड तासाच्या अंतरावर दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात त्याच्याकडे बघत होते.

"शिंपीकाका कुठं आहेत?" त्यानं विचारलं. उत्तर ठाऊक असल्यासारखा त्याचा आवाज आला.

"गेले की. मंगळवार होता, तीन आठवडे होतील. इथंच बसले होते. कुणीतरी खालून पाट काढून घ्यावा तसे कोसळले. एकतीस किलो उतरले होते बिचारे. मी समोरच होते, घड्याळ बघितलं मी. दहा वाजून बारा मिनिटं."

अकरा वाजले. खुर्च्यांवर हालचाल झाली. शाळेच्या बाईंनी घसा खाकरला, आजोबांनी हात खाली घेतला. आत्यानं डोळे उघडले, मान वळवली, आणि तिच्या चेहऱ्यावर एवढंसं हसू आलं.

"आलास? किती वाळलायस. बस, चहा टाकते."

तिला उठायला मदत करावी म्हणून त्यानं दंडाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. हाताला काही लागलंच नव्हतं. सुकलेला कपडा उचलावा तशी ती उठली.

चहा झाला. तिनं चौदा महिन्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

"लिफ्ट छान केलीस हो," ती म्हणाली. "हादरा म्हणून बसत नाही. फक्त आपल्या मजल्याला जरा थांबते आणि दार न उघडताच पुढं जाते. तेवढं बघ."

"आत्या, तिथं आता..."

"आणि शिंप्यासारखं करू नकोस कुणाचं." कप विसळता विसळता ती बोलत होती, पाठमोरी. "तो उतरला रे मंगळवारी. पण मजला आला नव्हता."

६

परतल्यावर इमारतीच्या मॅनेजर बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"उद्या दहाला कंपनीचा इंजिनियर येतोय. वजनाचा काटा नवा बसवून, शून्य करून देणार आहे. तुम्ही त्याच्यासोबत राहा."

"अकरानंतर बोलवा, मॅडम."

"का?"

"सकाळी ओल असते हवेत," तो म्हणाला.

"हे बघा, काका. लोक आता छोट्या लिफ्टनं जायला घाबरायला लागलेत. काल सातव्या मजल्यावरच्या मुलीनं विचारलं, पूर्वी इथं राहणाऱ्यांचं काय झालं. मी म्हटलं, त्यांची सोय केलेली आहे. तुम्ही तर त्यांच्यातलेच ना? केलेली आहे ना सोय?"

"हो," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर त्यानं नर्सबाईंना फोन लावला आणि आत्याला द्यायला सांगितलं. "आत्या, उद्या बसू नका. कुणीच बसू नका. एवढा एक दिवस माझं ऐक."

"बसायचं नाही तर जायचं कुठं?" ती म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता. "आम्ही निघणार रे. तू असशील ना तिथं?"

७

दहाला दहा कमी असतानाच तो केबिनमध्ये शिरला, चावी फिरवून लिफ्ट दुरुस्तीवर घेतली आणि यंत्र जोडून कोपऱ्यात उभा राहिला. दुरुस्तीवर घेतलेली लिफ्ट आतल्या माणसाखेरीज कुणाचं ऐकत नाही. बटण दाबून धरलं की ती गोगलगायीसारखी चालते, सोडलं की थांबते. आकडा चौसष्ट. दार उघडं ठेवलेलं.

ते आले. फरशी पाचदा दबली. एकशे पंच्याण्णव. समोर कुणी नव्हतं. पोलादी भिंतीत त्याचा एकट्याचा चेहरा होता. पण कोपऱ्यात त्याला मागं सरकावं लागलं. कुणाचा तरी खांदा छातीशी टेकला. साबणाचा आणि मलमाचा वास आला. शाळेच्या बाई घसा खाकरतात तसा आवाज झाला, अगदी कानाशी, वर्ग सुरू व्हायच्या आधी व्हायचा तसा.

त्यानं दार मिटलं. लिफ्ट सावकाश वर नेली. तिसरा मजला खाली गेला. अकरा मीटर बावन्नला त्यानं बटण सोडलं आणि दाराच्या दोन्ही झडपा हातांनी ओढून बाजूला केल्या.

समोर काँक्रीट. राखाडी, खरखरीत, त्यावर मिस्त्रीनं ओढलेली पेन्सिलीची रेघ. बोटभर फटीपलीकडे दुसरं काही नाही.

खुळा आहेस, तो मनात म्हणाला. भिंत आहे ती. भिंत दाखवायला आणलंस त्यांना.

तेवढ्यात पायाखालची फरशी किंचित उचलली गेली. एकशे त्र्याहत्तर. बाई उतरल्या होत्या. बाई नेहमीच सगळ्यांच्या आधी. मग एकशे चव्वेचाळीस. मग जरा वेळ काहीच झालं नाही, आणि त्याला कुजबुज ऐकू आली, बाईमाणसाची आणि पुरुषाची, वीस वर्षांचं साचलेलं एकदम बोलावं तशी, भराभर. चोपन्न किलो एकदम उतरले.

नव्वद.

चौसष्ट त्याचे. सव्वीस उरले होते.

तो काँक्रीटकडे बघत होता म्हणून ते त्याला आधी दिसलं नाही. खाली, केबिनची फरशी संपते तिथल्या बोटभर फटीतून उजेड येत होता. पिवळा, दुपारचा, जिन्याच्या झरोक्यातून यायचा तसा. त्या उजेडात एका लाल पायरीची कड होती, मधोमध झिजून खोलगट झालेली. आणि त्या कडेवरून एक अनवाणी टाच अलगद पुढं सरकली आणि दिसेनाशी झाली.

त्याच्या मनगटावर हात आला. त्या हाताची बोटं त्याला डोळे मिटूनही ओळखता आली असती. हातानं ओढलं नाही, नुसतं जरासं पुढं नेल्यासारखं केलं. लहान मुलाला घरात शिरताना करतात तसं.

"चल," असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

त्याचा पाय उचलला गेला नाही. समोर भिंत आहे म्हणून, असं त्यानं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण त्या क्षणी भिंतीचा विचारही त्याच्या डोक्यात नव्हता. आत कोण कोण उभं असेल, आणि आपल्याकडे कसं बघेल, एवढंच त्याच्या मनात होतं. शिंपीकाका असतील का? नसतील का?

हात थांबला होता. घाई करत नव्हता.

खालून धडाधड दार वाजलं. "आत कोण आहे? लिफ्ट खाली घ्या!" इंजिनियर आला होता.

पक्कडनं झडपा सोडल्या. उजेडाची रेघ मिटली. आकडा नव्वदच होता.

मग त्यानं लिफ्ट खाली घेतलीच नाही. आत माणूस असेतोवर काटा कुणी शून्य करू शकत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. अकरा वाजेपर्यंत तो ती सावकाश वर-खाली नेत राहिला. प्रत्येक मजल्यावर बाहेरून हाका, दारावर थापा, मॅनेजर बाईंचा चढलेला आवाज. अकरा मीटर बावन्न दोनदा आलं. दोन्ही वेळा त्यानं बटण सोडलं नाही. मनगटावरचा हात तसाच होता.

अकराला आकडा चौसष्ट झाला. तेव्हा त्यानं दार उघडलं आणि खाली मान घालून बाहेर आला.

८

नर्सबाईंचा फोन तासाभरानं आला. सव्वादहाच्या सुमारास चौघंही गेले होते, बसल्या खुर्चीवर, एकापाठोपाठ. नर्सबाई रडत होत्या, पण त्यांना काहीतरी वेगळंच सांगायचं होतं. इतकी वर्षं माणसं जाताना पाहिली, त्या म्हणाल्या, असे चेहरे नाही पाहिले. लांबच्या प्रवासातून आलेला माणूस बूट काढतो ना, तसे चेहरे.

"आणि आत्या?"

"त्या आहेत. अकराला उठल्या. गप्प आहेत."

त्याला त्याच दिवशी काढलं. इंजिनियरनं साडेअकराला रिकाम्या लिफ्टचा काटा बदलला. त्यात तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून पक्कड काही बोलला नाही. तळघरातली खोली रिकामी करायला अर्धा तास पुरला. चित्रं काढणारी मुलगी पिशवी धरायला खाली आली आणि म्हणाली, "काका, कुठं जाणार?" त्यानं वसाहतीचं नाव सांगितलं. तिनं ते कधी ऐकलं नव्हतं.

आता तो आत्याच्या खोलीत राहतो. चौघांचं सगळं त्यानंच केलं. पहिले काही दिवस आत्या बोललीच नाही. पावणेदहाला खुर्चीवर बसायची, अकराला उठून कामाला लागायची. मग एका दुपारी भांडी पुसताना तिनं विचारलं.

"तू होतास तेव्हा दार उघडलं होतं रे. तू का नाही उतरलास?"

तो खोटं बोलायला गेला आणि त्याला जमलं नाही. "आत्या, त्या कागदात एक शब्द होता. मी वाचला नव्हता."

"माहितेय," ती म्हणाली. "बाईंनी त्याच रात्री वाचला. शाळेत शिकवायच्या ना त्या."

"मग सह्या?"

"सह्या झाल्या होत्या. आणि तू परत येऊन सांगशील असं वाटलं आम्हाला." तिनं ताटली पुसून उपडी ठेवली. "तुला मागं सोडून मी एकटी कशी उतरणार होते? म्हणून थांबले."

त्यानंतर काही दिवसांनी त्यानं एक खुर्ची आणून तिच्या शेजारी ठेवली. ती लिफ्ट आता तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये धरून ठेवणारं, हातानं झडपा ओढणारं तिथं कुणी नाही, हे त्याला माहीत आहे. नव्या मेकॅनिकनं ते चार सेकंदांचं थांबणंही दुरुस्त केलं असेल. कुणाला काही विचित्र वाटलं, तर तो शून्याचं बटण दाबेल. शिंपीकाकांच्या वेळी यानंही तेच दाबलं होतं. हे त्यानं आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे."

पहिले आठ दिवस काहीच झालं नाही. डोळे मिटून नुसतं बसून पाठ अवघडायची. नवव्या दिवशी त्याचे गुडघे आपोआप जरासे वाकले, आणि सरळ झाले.

महिनाअखेर नर्सबाई वजनं घ्यायला आल्या. त्याला काट्यावर उभं केलं. त्यांनी आकडा पाहिला, त्याला उतरवलं, काटा हलवून परत चढवलं.

"एकसष्ट," त्या म्हणाल्या, आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही पण?"

पावणेदहा होत आले होते. आत्या आधीच जाऊन बसली होती. तिनं डोळे मिटले होते, आणि खुर्चीत थोडी कडेला सरकून ती त्याच्यासाठी जागा करत होती.